टाइप वन मधुमेही मुलांच्या पालकांचा ऑनलाइन गट: सुरुवातीपासून नोंदणीपर्यंत

सातारा जिल्ह्यात टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांचा आमचा गट नोव्हेंबर २०२१ मध्ये व्हॉट्सॲपवर सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याची संस्था म्हणून नोंदणी पूर्ण झाली. मधल्या काळात सांगली आणि सोलापूरकडच्या काही पालकांनी, तसेच डायलिसिसवरील रुग्णांच्या नातेवाइकांच्या एका गटाने, आमची रचना कशी आहे हे वेळोवेळी विचारले. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळे क्रमाने लिहून ठेवावे, म्हणजे नव्याने गट उभारणाऱ्यांना निदान वाटेतली वळणे आधी ठाऊक असतील, असे वाटले म्हणून हा मजकूर लिहीत आहे.

आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण गटाची रचना त्यावरूनच ठरली. टाइप वन मधुमेहात शरीराचीच संरक्षणव्यवस्था स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही, पथ्याने जात नाही आणि गोळ्यांवर भागत नाही. बाहेरून इन्सुलिन घेणे आयुष्यभर आवश्यक असते. आपल्याकडे घरोघरी जो मधुमेह माहीत असतो तो मोठ्या वयातला टाइप टू असतो, त्यामुळे शेजारीपाजारी आणि नातेवाईक जे सल्ले देतात ते मुलांच्या बाबतीत निरुपयोगी आणि कधी कधी घातक ठरतात. माझ्या मुलीचे निदान ऑगस्ट २०२१ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना झाले. डॉक्टरांनी सर्व नीट समजावले होते. परंतु दवाखान्यातली भेट काही मिनिटांची असते आणि उरलेला महिनाभर रात्री दोन वाजता शुगर तपासणारी आई घरी एकटीच असते. त्यातच हा आजार विखुरलेला आहे. एखाद्या गावात असे एखादेच मूल असते, त्यामुळे ‘आमच्याही घरी असेच आहे’ असे म्हणणारे माणूस गल्लीत भेटत नाही. म्हणून आमच्यासाठी ऑनलाइन गट हाच खरा शेजार होता.

गटाची सुरुवात साताऱ्यातील एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर झाली. एकमेकांचे नंबर घेतले, कोणीतरी गट उघडला आणि वर्षभरात सातारा, कराड, कोरेगाव, फलटण, वाई, माण, खटाव अशा तालुक्यांतून दीडशेच्या वर पालक त्यात आले. पहिल्या वर्षात गटाने खरोखर मोठे काम केले. कोणाचे इन्सुलिन संपले तर जवळच्या गावातून कुपी पोहोचली. उन्हाळ्यात वीज गेल्यावर फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन मातीच्या मडक्यात कसे थंड ठेवायचे, हे दहिवडीकडच्या एका आजींनी व्हिडिओ काढून दाखवले. शाळेत मुलाला वर्गात खाऊ द्यावा, मधल्या सुट्टीत इन्सुलिन घेऊ द्यावे, यासाठी मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा नमुना तयार झाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाण्याच्या वस्तू सोबत नेण्याची परवानगी दिली होती. तो दाखला पत्रात घातल्यावर इतर मंडळांच्या शाळाही ऐकून घेऊ लागल्या.

संख्या वाढली तसे गटाचे स्वरूप बदलले. सकाळी शुभेच्छांची चित्रे येऊ लागली आणि त्यांच्याखाली ‘मुलाला उलट्या होत आहेत, शुगर चारशेच्या वर आहे’ असा एखाद्या आईचा संदेश दबून जाऊ लागला. इन्सुलिन बंद करून देणाऱ्या चूर्णाच्या जाहिराती आल्या. दोघे-तिघे पालक रात्रंदिवस उत्तरे देत होते आणि ते थकले की गट दोन-दोन दिवस गप्प राहत होता. इतर आजारांच्या ज्या गटांत माझे नातेवाईक होते, त्यांचे पुढे काय झाले ते मी विचारून पाहिले, तेव्हा जवळपास सारखीच हकिकत ऐकू आली: एखादी व्यक्ती सगळे ओढत असते, तिच्या घरी काही अडचण येते, आणि मग गट नावापुरता उरतो. त्या चौकशीतून माझे एक मत पक्के झाले आणि आजही ते तसेच आहे. थकलेल्या माणसाला अपराधी न वाटता थांबता यावे आणि त्याचे काम दुसऱ्याने दुसऱ्याच दिवशी उचलावे, अशी सोय ज्या गटात असते तोच गट टिकतो. पुढची सगळी रचना आम्ही या एका कसोटीवर तपासत गेलो.

जानेवारी २०२३ मध्ये साताऱ्यात गोडोलीतील एका पालकांच्या घरी आम्ही काही जण बसलो. त्या बैठकीत सर्वांत उपयोगी मुद्दे मांडले ते खटाव तालुक्यातील एका आईने. त्या ग्रामीण महिलांच्या बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ या सरकारी अभियानात सीआरपी ताई, म्हणजे गावपातळीवर गटांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्त्या, म्हणून काम करतात आणि बचत गटांच्या वह्या तपासणे हे त्यांचे रोजचे काम आहे. बचत गटांची पंचसूत्री त्यांनी आमच्यापुढे ठेवली: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेबलेखन. आमच्या गटात कर्ज नव्हते, पण त्यांचे म्हणणे असे होते की पैशाच्या जागी वेळ धरा. कोणी किती वेळ दिला आणि कोणाला किती मिळाला याची नोंद नसेल, तर देणारा एके दिवशी थांबतो आणि का थांबला हे कोणालाच कळत नाही. दुसरा मुद्दा संख्येचा होता. बचत गट दहा ते वीस जणींचा असतो, अनेक गटांचा मिळून ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ असतो, कारण वीसच्या पुढे गेल्यावर गैरहजर बाई कोणाच्या लक्षात येत नाही. दीडशे जणांच्या गटात एखादी आई महिनाभर बोललेली नाही हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात येणे शक्यच नव्हते.

याशिवाय व्यसनमुक्तीच्या क्षेत्राकडूनही आम्ही शिकलो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या ‘परिवर्तन’मुळे साताऱ्यात अशा कामाची ओळख जुनी आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि तिच्या गटांनी कसे चालावे याविषयीच्या बारा परंपरा १९५० मध्ये स्वीकारल्या गेल्या. बाहेरची देणगी न घेता सभासदांच्या वर्गणीवरच चालणे, पदे आलटून पालटून देणे, बैठकीत कळलेली ओळख बाहेर न नेणे, आणि पदाधिकाऱ्यांनी सेवा करणे पण सत्ता न गाजवणे या गोष्टी त्या परंपरांत आणि त्यांच्या प्रथांत आहेत. इतकी वर्षे इतक्या देशांत चाललेल्या रचनेत काहीतरी शहाणपण असणारच, असे मला वाटले. आजार वेगळा असला तरी यातील बहुतेक गोष्टी आम्ही जवळपास जशाच्या तशा घेतल्या.

फेब्रुवारी ते एप्रिल २०२३ हे तीन महिने नियम ठरवण्यात गेले. मसुदा गटात टाकून ‘सर्वांना मान्य आहे ना’ असे विचारले तर पन्नास अंगठे येतात आणि वाचलेले कोणीच नसते, म्हणून आम्ही प्रत्येक नियम ध्वनिसंदेशात वाचून दाखवला आणि एका आठवड्यात एकाच नियमावर चर्चा ठेवली. ज्या आया फारसे वाचत नाहीत त्यांनीही त्यामुळे मत दिले. हा वेळ मोडल्याचे मला कधी वाईट वाटले नाही. नंतर नियम लागू करताना ‘हे कोणी ठरवले’ असा प्रश्न एकदाही आला नाही.

सर्वांत जास्त चर्चा ‘गटात इन्सुलिनचे युनिट सांगायचे नाहीत’ या नियमावर झाली. अनेक पालकांना तो कठोर वाटला, कारण अनुभवी आईने ‘दोन युनिट वाढवून बघ’ म्हणणे हीच तर गटाची खरी मदत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर फार्मसी शिकलेल्या एका वडिलांनी जे सांगितले ते प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावे असे आहे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपीची असते. पेनमधल्या कार्ट्रिजचे इन्सुलिन १०० युनिट तीव्रतेचे असते आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची असते. ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले तर मुलाच्या अंगात चारच युनिट जातात. उलट १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले तर पंचवीस युनिट जातात आणि मुलाची शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. गटात ‘दहा दे’ असे लिहिणाऱ्याला समोरच्याच्या हातात कोणती सिरिंज आहे हे दिसत नाही. एवढे ऐकल्यावर नियम एकमताने मंजूर झाला.

पण ‘सल्ला देऊ नका’ एवढेच सांगून भागत नाही, कारण अडचणीत असलेल्या माणसाला काहीतरी उत्तर हवेच असते. म्हणून काय बोलावे हेही आम्ही लिहिले. ‘आमच्याकडे असे झाले होते तेव्हा आम्ही असे केले’ हे कोणीही सांगू शकते. ‘तुम्ही असे करा’ हे मात्र डॉक्टरांनीच सांगायचे. याला दोनच अपवाद आहेत. शुगर ७० च्या खाली असेल आणि मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, असे कोणीही लगेच लिहावे. शुगर खूप वाढलेली असून उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास असेल, किंवा मूल बेशुद्ध असेल, तर गटात चर्चा न करता दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा, असे लिहावे. हे दोन्ही संदेश तयार करून गट सांभाळणाऱ्या प्रत्येक पालकाच्या, म्हणजे साथीच्या, फोनमध्ये जतन केलेले आहेत, म्हणजे घाईत शब्द शोधावे लागत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये टाइप वनसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनाही गटात वर लावून ठेवल्या आहेत. वाद झाला की तिकडे बोट दाखवता येते आणि माणसामाणसांतला वाद वाढत नाही.

जून २०२३ मध्ये आम्ही एका मोठ्या गटाचे तुकडे केले. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटी सोयीत एक सूचना-गट ठेवला, ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतात, आणि त्याखाली तालुक्यांचे लहान गट केले. माण आणि खटाव मिळून एक, पाटण आणि कराड मिळून एक, असे करत प्रत्येक गट पंधरा ते पंचवीस कुटुंबांचा राहिला. नवीन माणूस ॲडमिनच्या मंजुरीशिवाय येऊ शकत नाही, आणि आत घेण्याआधी साथी त्याच्याशी दहा-पंधरा मिनिटे फोनवर बोलतात. जाहिरातदार आणि चूर्णवाले या एका पायरीने जवळपास थांबले. शिवाय नव्याने निदान झालेल्या घराला गटातले शेकडो संदेश दिसण्याआधी एक माणसाचा आवाज ऐकायला मिळतो, आणि मला या पायरीचे महत्त्व त्यासाठी अधिक वाटते.

सतत शुगर मोजणारा सेन्सर आणि इन्सुलिन सोडणारा पंप यांविषयीच्या चर्चेसाठी वेगळा गट केला, आणि त्यामागचे कारण नाजूक होते. काही घरांत चौदा दिवस दंडावर राहणारा सेन्सर आहे, तर काही घरांत दिवसातून एकदा शुगर तपासायची पट्टी वापरणेही जड जाते. सेन्सरचे सुंदर आलेख रोज गटात येऊ लागले की पट्ट्या मोजून वापरणारी आई आपण मुलासाठी कमी पडतो असे मानून बोलणे थांबवते. हे मला दोन-तीन आयांनी स्वतंत्रपणे, खाजगीत सांगितले होते. त्यामुळे तालुक्याच्या गटात आलेख आणि एचबीए१सीचे (सुमारे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या तपासणीचे) आकडे टाकायचे नाहीत असे ठरले.

मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, ओळखीचा प्रश्नही असाच होता. आपल्या भागात मुलीचा आजार पुढे लग्नाच्या वेळी अडचणीचा ठरेल या भीतीने अनेक घरे तो भावकीतही सांगत नाहीत. अशा आईला गटात यायचे असते पण नाव द्यायचे नसते. तिला आम्ही गावाचे नाव न लिहिता फक्त तालुका लिहू देतो. मुलांचे फोटो, शाळेचे नाव आणि दवाखान्याचे कागद गटात टाकू देत नाही. गटातील सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसतात हे प्रवेशाआधीच सांगितले जाते, आणि ज्यांना ते नको असते त्यांना केवळ सूचना-गटात ठेवले जाते, जिथे सर्वसाधारण सदस्यांना इतरांचे नंबर दिसत नाहीत.

आता पदांविषयी, कारण रचनेचा कणा तोच आहे. प्रत्येक तालुका-गटाला दोन साथी असतात आणि त्यांची मुदत सहा महिन्यांची असते. दोघांची मुदत एकाच वेळी संपत नाही; एक जुना असताना दुसरा नवा येतो, त्यामुळे शिकवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागत नाही. लागोपाठ दोन मुदतींनंतर किमान सहा महिने थांबणे सक्तीचे आहे. साथी आठवड्यातून दोन दिवस ‘सुट्टीवर’ असतात आणि त्या दिवशी त्यांनी गट उघडू नये अशी अपेक्षा असते. मुलाची परीक्षा, ऊस तुटण्याचा हंगाम, घरातले आजारपण अशा कारणांनी मधेच थांबायचे असेल तर कारण न विचारता दुसरी व्यक्ती येते. हे सर्व वहीत लिहिलेले आहे. ही वही म्हणजे एक साधे शंभर पानी रजिस्टर असून त्यात याशिवाय कोणते कुटुंब केव्हा आले, कोणाला अजून फोन करायचा आहे आणि कोणता प्रश्न अर्धवट राहिला एवढेच असते. आजाराचे तपशील त्यात लिहीत नाहीत. साथी बदलला की वही हातात दिली जाते आणि दोघेही सही करतात.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री साडेआठला ऑनलाइन बैठक असते. झूमची मोफत बैठक चाळीस मिनिटांची असते, आणि आम्ही सशुल्क सेवा न घेता तेवढ्यातच बैठक बसवली, कारण स्वयंपाकघर आवरून आलेल्या बाईला त्याहून जास्त वेळ नसतोच. क्रम ठरलेला आहे: सुरुवातीला गोपनीयतेचा नियम वाचायचा, मग नव्या कुटुंबांनी बोलायचे, मग एकच विषय, आणि शेवटची पाच मिनिटे पुढच्या महिन्याच्या कामांची. कोणाच्या बोलण्यात मध्ये बोलायचे नाही. कोयना खोऱ्यात नेटवर्क नसते, म्हणून पाटण-कराड गटातील साथी बैठकीनंतर चार-पाच घरांना साधा फोन करून विषय सांगतात. वर्षातून एकदा १४ नोव्हेंबरला, म्हणजे इन्सुलिनच्या शोधातील फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिनी साजऱ्या होणाऱ्या जागतिक मधुमेह दिनाला, साताऱ्यात प्रत्यक्ष भेटतो. तो बालदिनही असल्याने मुलांना खेळण्याचे निमित्त मिळते. सभागृहाचे भाडे आणि चहा-नाश्ता मिळून सहा-सात हजारांत भागते.

डिसेंबर २०२३ मध्ये गटातील एका कुटुंबाने आपले मूल गमावले. त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय मी याहून अधिक लिहिणार नाही, पण गट म्हणून आम्ही काय केले ते लिहिणे आवश्यक आहे, कारण गंभीर आजाराच्या प्रत्येक गटापुढे ही वेळ येते आणि तेव्हा विचार करण्याची ताकद कोणातच नसते. बातमी कळल्यावर एका तासाच्या आत एकाच साथीने एकच संदेश सर्व गटांत पाठवला आणि सर्व गट दोन दिवस फक्त ॲडमिनसाठी खुले ठेवले. कारणांची चर्चा करायची नाही, हे त्याच संदेशात लिहिले. प्रत्येक आईच्या मनात तेव्हा स्वतःच्या मुलाचा चेहरा असतो आणि ‘नेमके काय झाले’ हा प्रश्न तिच्या भीतीतून येतो. पण त्याचे उत्तर गटात शोधले की ते त्या आईवडिलांवर आरोप होऊन पडते. त्या दोन दिवसांत साथींनी आपापल्या यादीतील प्रत्येक घरी फोन केला. त्या महिन्याची बैठक आठवडाभर आधी घेतली आणि त्यात विषय ठेवला नाही. जो तो आपल्याला काय वाटते तेवढेच बोलला, काही जण नुसतेच बसून राहिले. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोन सेवेचा १४४१६ हा क्रमांक तेव्हापासून सर्व गटांत वर लावलेला आहे. ही सेवा मराठीतही चोवीस तास मिळते. त्या कुटुंबाला आम्ही गटातून काढले नाही. महिन्याभराने एका ताईंनी घरी जाऊन त्यांना काय हवे आहे ते विचारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे केले. तालुक्यांचे लहान गट आधी झालेले नसते तर हे फोन कोणी करायचे हेच ठरले नसते, असे मला त्यावेळी फार तीव्रतेने जाणवले.

जानेवारी २०२४ मध्ये माझी मुदत संपली आणि मी वही पुढच्या साथीकडे दिली. पहिले काही दिवस अस्वस्थ गेले. कोणी प्रश्न विचारला की उत्तर ओठांवर येई. पण सुरुवातीपासून असलेल्या लोकांनी खरोखर मागे सरायचे, असे आम्हीच ठरवले होते, आणि नव्या साथींची उत्तरे माझ्याहून वेगळी असली तरी नियमात बसणारी होती.

नोंदणीचा विचार पैशामुळे आला. तोपर्यंत वर्षाला कुटुंबामागे शंभर रुपये ऐच्छिक वर्गणी एका पालकाच्या बचत खात्यात जमत होती, आणि ती रक्कम दुसऱ्याच्या हाती देणे दर वेळी अवघड होत होते. त्याच सुमारास साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने सर्व मुलांना मोफत ग्लुकोमीटर देण्याची तयारी दाखवली. बदल्यात सदस्यांच्या नंबरांची यादी हवी होती. बैठकीत मतदान होऊन नकार ठरला. काही घरांना त्या मीटरची खरेच गरज होती, म्हणून त्या घरांसाठी आम्ही वर्गणीतून मीटर घेतले आणि तेव्हाच लक्षात आले की स्वतःचे खाते आणि हिशेब असल्याशिवाय हे पुढे चालणार नाही. ज्या गटाला पैशाचा व्यवहारच करायचा नाही त्याने नोंदणीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने गट टिकण्यास मदत होत नाही, कामे मात्र वाढतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये कागदपत्रांना सुरुवात झाली. संस्था नोंदणी अधिनियम १८६० प्रमाणे किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामे जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून होतात. संस्थेची घटना व नियमावली, पहिल्या सभेचे इतिवृत्त आणि ठराव, कार्यकारी मंडळाची नावे, वय, व्यवसाय आणि पत्ते, प्रत्येकाचे संमतिपत्र आणि ओळखीचा पुरावा, कार्यालयाच्या जागेच्या मालकाचे ना-हरकत पत्र, आणि प्रतिज्ञापत्र एवढे गोळा करण्यात दिवाळी आली. सात सदस्य वेगवेगळ्या तालुक्यांतले असल्याने एकाच दिवशी सह्या मिळवणे हेच सर्वांत वेळखाऊ काम ठरले. आम्ही १४ नोव्हेंबरच्या मेळाव्यातच त्या उरकल्या आणि तुम्हीही असाच एखादा दिवस गाठावा. आम्ही सुचवलेले पहिले नाव आधी नोंदलेल्या एका संस्थेच्या नावाशी जुळत होते, त्यामुळे पर्यायी नाव द्यावे लागले. अर्ज करताना तीन-चार नावे तयार असावीत. पुढे विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदणीसाठी हरकती मागवणारी नोटीस निघते आणि तिची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. वकिलांचे शुल्क, नोटरी, छायाप्रती आणि येण्याजाण्याचा खर्च धरून साधारण नऊ हजार रुपये लागले.

घटना लिहिताना एक गोष्ट आम्हाला वकिलांनी वेळीच दाखवून दिली आणि ती आमच्यासारख्या गटांसाठी फार महत्त्वाची आहे. विश्वस्त किंवा कार्यकारी मंडळात बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. सहा महिन्यांनी बदलणारे साथी जर घटनेतच पदाधिकारी म्हणून लिहिले, तर वर्षातून दोनदा हे काम करत बसावे लागेल. म्हणून कार्यकारी मंडळाची मुदत पाच वर्षांची ठेवली, त्याच्याकडे फक्त पैसा, हिशेब आणि कार्यालयीन पत्रव्यवहार दिला, आणि साथींची नेमणूक मंडळाच्या साध्या ठरावाने होईल असे लिहिले. कार्यकारी मंडळावरील व्यक्तीने त्या काळात साथी व्हायचे नाही, हेही त्यात आहे. गटातील बोलणे आणि संस्थेची तिजोरी एका हातात राहू नये, हा त्यामागचा विचार आहे.

प्रमाणपत्र हाती आल्यावर संस्थेचे पॅन कार्ड काढले आणि बँकेत तिघांपैकी दोघांच्या सहीने चालणारे खाते उघडले. खाते उघडण्यासाठी पुन्हा स्वतंत्र ठराव लागतो, तो बँकेच्या नमुन्यातच करून घ्यावा. एका पालकाच्या, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाने देणगी देऊ केली होती. परदेशी योगदान नियमन अधिनियम २०१० खालची परवानगी नसताना अशी रक्कम घेता येत नाही, म्हणून ती नाकारली. वर्षअखेरीस हिशेबाचे लेखापरीक्षण करून घ्यायचे आहे आणि त्यासाठीची रक्कम वर्गणीतून बाजूला काढून ठेवली आहे.

सध्या आमच्यापुढे नवे काम आहे ते मोठ्या झालेल्या मुलांचे. गटाच्या सुरुवातीला चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुले आता कॉलेजात, वसतिगृहात आणि नोकरीत आहेत. त्यांना आईच्या गटात बसून बोलायचे नाही आणि ते योग्यच आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांचा स्वतंत्र गट डिसेंबर २०२५ पासून सुरू करण्याचा ठराव झाला आहे. त्यांचे साथी त्यांच्यातूनच होतील, मुदत सहा महिन्यांचीच राहील आणि इन्सुलिनच्या युनिटांचा नियमही तोच राहील. त्यांनी पाठवलेल्या मसुद्यात पालकांनी त्या गटात नसावे असे पहिलेच कलम आहे आणि कार्यकारी मंडळाने ते मान्य केले आहे. तातडीच्या वेळी घरच्या कोणाला फोन करायचा, तो एक क्रमांक मात्र प्रत्येकाने आपल्या साथीकडे देऊन ठेवायचा आहे.